फुले मोजू नका, बिया मोजा

प्रति,
वृक्षरेषेच्या (जिच्या वर मोठे वृक्ष वाढत नाहीत त्या उंचीच्या) वरच्या कुरणांची देखरेख, तिथले परवाने आणि पुनर्लागवड ज्यांच्या अखत्यारीत येते, त्या सर्व अधिकाऱ्यांस आणि सल्लागारांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामासाठी आपण मंजूर केलेल्या आराखड्यात तीन कामे ठळक आहेत. परागणाला हातभार म्हणून वरच्या कुरणांवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला परवानगी; धूप झालेल्या उतारांवर विकत आणलेल्या रानफुलांच्या मिश्र बियाण्याची पेरणी; आणि बर्फ वितळू लागताच पायवाटांवरचा बर्फ उपसून त्या लोकांना खुल्या करणे. या तिन्हींना आधार एकच: भर फुलोऱ्यात वरून काढलेले फोटो आणि त्यावरून केलेली फुलांची मोजणी. फुले भरपूर, म्हणजे कुरण सुदृढ, असे आराखडा धरून चालतो.

आम्हाला हे मान्य नाही. फुलांना जाळीच्या पिशव्या बांधणे, कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग घेणाऱ्या टोकावर, किती परागकण बसले ते भिंगाखाली पाहणे आणि हंगाम सरताना तीच फळे फोडून आतल्या बिया मोजणे, हे आमचे काम. या कामातून जे कळते ते फोटोतून कळत नाही, म्हणून हे पत्र. आणि कुरणे एकट्या कार्यालयाची नाहीत, म्हणून ते खुले.

आधी फुलांच्या मोजणीबद्दल, कारण बाकीच्या चुका तिथूनच निघतात.

अनेक जातींत पराग मिळालेले फूल लवकर कोमेजते. त्याचे काम झालेले असते, आणि पाकळ्या तजेलदार ठेवायला झाडाला पाणी आणि साखर खर्च करावी लागते. पराग न मिळालेले फूल मात्र वाट पाहत राहते. उंचीवर ही वाट पाहण्याची ताकद जास्त असते, कारण तिथे कीटक कमी, ऊन लहरी आणि वारा सततचा. कोलोरॅडोतील रॉकी पर्वतात कँपॅन्युला रोटुंडिफोलिया या निळ्या घंटेसारख्या फुलावर झालेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. वरच्या फुलांकडे कीटक कमी फिरकतात, तरी परागण खालच्याइतकेच होते असे त्यात दिसले. त्याचे एक कारण म्हणजे वरच्या फुलांची कुक्षी जास्त दिवस पराग स्वीकारू शकते. आता हेच आपल्या फोटोला लावून पाहा. ज्या वर्षी परागण फसते त्या वर्षी फुले जास्त दिवस उघडी राहतात, आणि एकाच दिवशी काढलेल्या फोटोत ती जास्त दिसतात. म्हणजे आपल्या मोजणीत सर्वांत चांगले ठरलेले वर्ष कदाचित सर्वांत वाईट असेल. फोटोवरून हा फरक सांगता येत नाही. फळ फोडल्यावर तो पाच मिनिटांत कळतो.

दुसरी गोष्ट वयाची. आल्प्समधल्या केरेक्स कर्व्ह्युला या गवतासारख्या वनस्पतीचे काही पुंजके सुमारे २००० वर्षांचे आहेत. ते मुळांच्या बाजूने इंचाइंचाने पसरत जातात. सायलीन अकॉलिस या गुलाबी फुलांच्या उशीसारख्या झुडपाचे वय ३०० वर्षांच्या पुढे जाऊ शकते. अशा कुरणात आज बी धरणे पूर्ण थांबले तरी पुढची पन्नास वर्षे दरसाल फुले येत राहतील आणि प्रत्येक अहवालात ‘स्थिती समाधानकारक’ असे लिहिले जाईल. म्हातारी झाडे मरायला लागतील तेव्हा त्यांच्या जागी यायला रोपे नसतील, आणि कारण शोधायला तेव्हा फार उशीर झालेला असेल.

शिवाय या वर्षीचे फूल या वर्षीचे नसते. बिस्टॉर्टा विविपॅरा ही हिमालयापासून आर्क्टिकपर्यंत आढळणारी छोटी वनस्पती. तिच्या पानाची आणि तुऱ्याची सुरुवात जमिनीखाली होते आणि पूर्ण वाढून वर यायला चार वर्षे लागतात. तिचा तुरा जवळून पाहण्यासारखा आहे: वरच्या बाजूला पांढरी फुले, खालच्या बाजूला दाण्याएवढ्या कंदिका, ज्या गळून पडल्या की थेट रोप होतात. फुलांतून बी क्वचितच धरते. म्हणजे तिचे तुरे मोजून आपण चार उन्हाळ्यांपूर्वीचे हवामान मोजत असता. यंदाच्या परागणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आता एकेक तक्रार.

पहिली तक्रार पेट्यांची. ती सर्वांत गंभीर आहे, कारण त्यामागचा हेतू चांगला आहे आणि म्हणूनच तिला कोणी विरोध करत नाही.

वृक्षरेषेच्या वर परागणाचे काम दोन गटांवर चालते. एक गट बंबलबींचा: जाडजूड, केसाळ, मधमाशीच्या नात्यातल्या. दुसरा गट माश्यांचा: फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माश्या आणि घरमाशीच्या जवळच्या कुळांतल्या लहान काळ्या माश्या. जसजसे वर जावे तसतसा माश्यांचा वाटा वाढत जातो. मधमाशी हवा साधारण १० ते १२ अंशांखाली गेली की पेटीबाहेर पडत नाही. बंबलबी उडण्याआधी पंखांचे स्नायू पंख न हलवता थरथरवते, छातीचे तापमान ३० अंशांच्या आसपास आणते आणि मग उडते. म्हणून हवा ५ अंशांची असताना, ढग असताना, सकाळी लवकरही ती कामावर असते. उंचीवरचे बरेचसे दिवस असेच असतात. पेट्यांतल्या मधमाश्या मोजक्या उबदार, निवांत दुपारी बाहेर पडतात, हजारोंच्या संख्येने मकरंद आणि पराग उचलतात आणि ढग आला की परततात. उरलेल्या थंड वेळात काम करणाऱ्या बंबलबीला रिकामी फुले मिळतात. तिची वसाहत लहान, साठा फार तर दोन-तीन दिवसांचा. सलग दोन वाईट दिवस आणि रिकामी फुले, एवढे तिच्या अळ्या उपाशी राहायला पुरते.

एका सशक्त पेटीची भूक किती? जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत ती इतका पराग गोळा करते की तेवढ्यावर मधमाशीच्या नात्यातल्या, एकट्या राहणाऱ्या सामान्य रानटी माशीची सुमारे १,००,००० पिल्ले वाढू शकली असती. आणि मधमाश्या तीन-चार किलोमीटर सहज जातात, तेव्हा ‘पेट्या कुरणाच्या कडेला ठेवू’ या अटीला काही अर्थ राहत नाही.

टेनेरिफ बेटावरच्या तेइदे राष्ट्रीय उद्यानाच्या उंच माळावर पेट्या येण्याआधीची आणि आल्यानंतरची स्थिती तीन वर्षे ताडून पाहिली गेली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पेट्या आल्यावर रानटी परागवाहकांची विविधता घटली, आणि ज्या झाडांवर मधमाश्यांची सर्वाधिक गर्दी होती त्यांचेच प्रजनन कमी झाले. गर्दी म्हणजे परागण नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

हे का घडते ते बचनागाच्या एका तुऱ्यावर दिसते. तुरा खालून वर उमलत जातो. प्रत्येक फूल आधी नर असते, म्हणजे परागकोश फुटून पराग सांडतो. काही दिवसांनी ते मादी होते, म्हणजे कुक्षी पराग घ्यायला तयार होते. त्यामुळे कोणत्याही दिवशी तुऱ्याच्या तळाशी मादी फुले आणि शेंड्याकडे नर फुले असतात. मकरंद खालच्या फुलांत जास्त. बंबलबी तळाला उतरते, दुसऱ्या झाडावरून आणलेला पराग तिथल्या मादी फुलांना देते, एकेक फूल करत वर चढते, शेंड्याच्या नर फुलांचा पराग अंगावर घेते आणि दुसऱ्या तुऱ्याच्या तळाला जाते. स्वतःचा पराग स्वतःला लागू नये याची ही पक्की व्यवस्था. मकरंद मात्र वरच्या टोपीसारख्या निदलाच्या आत, वळलेल्या दोन नळ्यांच्या टोकाशी असतो. मधमाशीची आखूड जीभ तिथे पोचत नाही. परागासाठी आलेली मधमाशी नर फुले ओरबाडते. मादी फुलात तिला पराग नाही आणि मकरंदही हाताला लागत नाही, तेव्हा तिथे थांबायला तिला कारणच नाही. पराग गेला आणि बी धरले नाही, असा हा व्यवहार.

पेडिक्युलॅरिस या उंच कुरणांतल्या फुलझाडाच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. हिमालयात तिच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्यांतल्या अनेकींत मकरंद नसतो. बंबलबी फुलाला धरून अंग गुणगुणवते, त्या कंपनाने परागकोशातून पराग झडतो. मधमाशीला हे जमत नाही. शंभर पेट्या ठेवल्या तरी जमणार नाही.

रोगांचा भाग वेगळाच. वरोआ माइट या परजीवीमुळे मधमाश्यांत फोफावलेला, पंख वेडेवाकडे करणारा विषाणू बंबलबींतही सापडला आहे. एकाच फुलावर दोघींनी बसणे एवढा संपर्क त्याला पुरतो. आणि ‘मग मधमाश्यांऐवजी पाळीव बंबलबी आणू’ अशी सूचना जर कोणाच्या मनात असेल, तर चिलीकडे पाहावे. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस हरितगृहातल्या पिकांसाठी युरोपातली बाँबस टेरेस्ट्रिस आणली गेली. ती अँडीज ओलांडून २००६ पर्यंत अर्जेंटिनात पोचली, आणि जिथे जिथे ती गेली तिथून बाँबस डाल्बोमी ही तिथलीच, आकाराने मोठी, केशरी बंबलबी हटत गेली. परत आणता आलेली नाही.

बंबलबी आधीच ताणाखाली आहेत, हेही आराखड्यात कुठे नाही. रॉकी पर्वतातल्या उंचावरच्या दोन जातींची जीभ चाळीस वर्षांत मोजण्याइतकी आखूड झाल्याचे २०१५ साली दाखवले गेले. उन्हाळे तापल्याने फुले विरळ झाली. लांब नळीच्या फुलांवर विसंबून भागेना, तेव्हा मिळेल त्या फुलावर जाणाऱ्या आखूड जिभेच्या बंबलबी टिकल्या. लांब नळीची फुले मात्र आहेत तशीच आहेत. अशा वेळी वरून पेट्यांचा भार टाकणे म्हणजे तुटत आलेल्या दोरीला आणखी वजन लटकवणे.

दुसरी तक्रार बियाण्याची.

मिश्र बियाण्याच्या पाकिटात नावे ओळखीची असली तरी झाडे ओळखीची नसतात. खालच्या उंचीवर पिकवलेले त्याच जातीचे बी वर लावले तर ते वेगळ्या आठवड्यात फुलते. वरच्या कुरणात फुलण्याची वेळ बर्फ कधी वितळतो त्यावर ठरते. एकाच उतारावर पन्नास पावलांच्या अंतरात ती दोन आठवड्यांनी बदलते. आणि बाहेरून आलेला पराग स्थानिक झाडाला लागला तर? कोलोरॅडोत डेल्फिनियम नेल्सोनी या निळ्या फुलावर केलेले संकर १९७९ साली प्रसिद्ध झाले: १ मीटरवरच्या शेजाऱ्याचा पराग दिला तर बी कमी, १,००० मीटरवरचा दिला तरीही कमी, आणि सर्वांत चांगले बी सुमारे १० मीटरवरच्या झाडाच्या परागाने धरले. फार जवळचे नाते नको, फार लांबचेही नको. शेकडो किलोमीटरवरून आणलेल्या बियाण्याबद्दल यातून काय समजायचे ते आपण ठरवावे.

पेरणीची वेळही चुकीची नेमली आहे. आराखड्यात ती बर्फ वितळल्यावर आहे. उंचीवरच्या बहुतेक बियांना उगवण्याआधी शून्य ते पाच अंशांत ओलसर अवस्थेत काही आठवडे ते काही महिने काढावे लागतात. वसंतात पेरलेले बी तसेच पडून राहते, वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, पाखरे टिपतात. जे थोडे उगवते ते उघड्या मातीत उगवते, आणि तिथे दुसरे संकट असते: रात्री मातीतले पाणी गोठून बर्फाच्या बारीक सुया उभ्या राहतात, त्या रोपाला मुळासकट उचलतात, सकाळी सुया वितळल्या की रोप आडवे पडते आणि दुपारच्या उन्हात वाळते. उतारावर सकाळी फिरले तर अशी उपटलेली रोपे ओंजळीने गोळा करता येतात. उपाय साधा आहे: बी शरदात, पहिला मोठा बर्फ पडण्याआधी टाकावे, बहुतेक बिया बारीक असतात आणि त्यांना उजेड लागतो, म्हणून खोल पुरू नये, नुसते हलके दाबावे, आणि सपाट उघड्या मातीत न टाकता दगडांच्या आडोशाला, उशीसारख्या झुडपांच्या कडेला, वाळक्या गवताच्या पातळ थराखाली टाकावे. आकडा लहान दिसेल, पण रोपे जगतील.

पेडिक्युलॅरिसला तर शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घ्यावे लागते. यजमान झाडे नसलेल्या उघड्या मातीत तिचे बी पेरणे म्हणजे ते फेकून देणे.

तिसरी तक्रार पायवाटांच्या तारखेची. बर्फ हे उंच कुरणाचे पांघरूण आहे. त्याखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर असते, वर हवा कितीही थंड असो. ते लवकर काढले की कळ्या लवकर वाढायला लागतात आणि मग रात्रीच्या कडाक्यात सापडतात. कोलोरॅडोत गॉथिक येथे, सुमारे २,९०० मीटरवर, १९७० च्या दशकापासून फुलांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. तिथल्या हेलियांथेला या पिवळ्या, सूर्यफुलासारख्या झाडाच्या कळ्या १९९२ ते १९९८ या काळात सरासरी ३६ टक्के गोठून गेल्या. १९९९ ते २००६ मध्ये, बर्फ लवकर जाऊ लागल्यावर, ७४ टक्के. ही निसर्गाने लवकर काढलेल्या पांघरुणाची किंमत. आपण फावड्याने आणि यंत्राने तेच करणार आहात. त्यातही उपसलेला बर्फ वाटेच्या दोन्ही बाजूंना ढीग करून टाकला जातो. तिथे तो उलट आठवडे उशिरा वितळतो आणि त्याखालच्या झाडांना फुलून बी पिकवायला दिवसच उरत नाहीत. पायवाट एक, पण नुकसानीच्या पट्ट्या तीन.

याच दिवसांत बंबलबीच्या राण्या जमिनीतून बाहेर येतात. हिवाळा एकटीने काढलेली राणी उंदरांच्या जुन्या बिळांत घर शोधते आणि बर्फाच्या कडेला फुललेल्या पहिल्या काही फुलांवर जगते. ती कडेची फुले तुडवली गेली तर तिची वसाहत उभीच राहत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. आपल्या कीटक-सर्वेक्षणात साबणाच्या पाण्याचे पिवळे वाडगे जमिनीवर मांडायचे ठरले आहे, तेही हंगामाच्या सुरुवातीपासून. सुरुवातीला उडणारी प्रत्येक बंबलबी राणी असते. वाडग्यात बुडालेली एक राणी म्हणजे एक अख्खी वसाहत. शिवाय निरीक्षणाची वेळ फक्त स्वच्छ दुपारची ठेवली आहे, म्हणजे बंबलबीची थंड सकाळ आणि पतंगांची रात्र दोन्ही नोंदीबाहेर.

पाचवी, तोडणीची. हिमकमळ, म्हणजे सॉसुरिया लॅनिसेप्स, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. लोक मोठे झाड निवडून तोडतात. तोडणीतून सुटून बी धरायला उरतात ती बुटकी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुने वाळवलेले नमुने आणि आजची झाडे ताडून दाखवले आहे की तोडणीच्या भागांत हे झाड शतकभरात बुटके होत गेले, आणि जिथे तोडणी नाही तिथे झाले नाही. एकदाच फुलणाऱ्या जातींना आपल्या नियमांत वेगळे स्थान नाही. बी गळण्याआधी तोडलेले असे झाड म्हणजे संपलेला वंश. पुढच्या वर्षी ते पुन्हा येणार नाही. कुटकी, जटामांसी, अतिविष या औषधी वनस्पतींची मुळे फुलोऱ्यातच खणली जातात, कारण तेव्हाच झाड ओळखू येते. परवान्यात तारीख आहे, पण ती बी पिकण्याच्या आधीची आहे.

एक सूचना इथेच करावीशी वाटते, कारण ती दुसरीकडे कुठे बसत नाही. फळात अळी दिसली म्हणून फवारणीचा विचार होऊ नये. पूर्व हिमालयात ४,००० मीटरच्या वर वाढणारी रियम नोबिले ही वनस्पती घ्या. तिचे फिकट पिवळे, अर्धपारदर्शक छद, म्हणजे फुलांलगतची पाने, फुलोऱ्याभोवती काचघरासारखे बसतात. आत ऊब असते आणि पाऊस व अतिनील किरण बाहेर राहतात. त्या आडोशाला चिलटासारखे बारीक कीटक येतात, फुलांत अंडी घालतात आणि जाताना परागण करतात. त्यांच्या अळ्या काही बिया खातात. झाडाने दिलेले ते भाडे आहे. अळी मारली की परागवाहकच मेला.

आमच्या मागण्या अशा आहेत.

वृक्षरेषेच्या वर, आणि अशा कुरणांपासून किमान पाच किलोमीटरच्या आत, फुलोऱ्याच्या काळात मधमाश्यांच्या पेट्यांना परवानगी देऊ नये. दिलेली परवानगी बर्फ वितळण्याआधी मागे घ्यावी आणि ज्यांनी त्यावर विसंबून खर्च केला आहे त्यांना खालच्या उंचीवर पर्यायी जागा द्यावी. चूक त्यांची नाही. पाळीव बंबलबी कोणत्याही कारणाने आणू नयेत.

विकतच्या बियाण्याची खरेदी रद्द करावी. बी त्याच उतारावरून, त्याच उंचीच्या पट्ट्यातून आणि जिथे बर्फ साधारण त्याच सुमारास वितळतो अशा जागेतून गोळा करावे. एका जातीची किमान ५० झाडे, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त नाही. गोळा करण्याआधी वीस-तीस बिया ब्लेडने कापून पाहाव्यात. आत पांढरा, भरलेला गर नसेल तर बी पोचट आहे आणि ती जागा सोडून द्यावी. कागदी पिशवी वापरावी. प्लास्टिकमध्ये बी घामेजते आणि बुरशी धरते. सावलीत वाळवून, साठवायचे झाल्यास १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत आणून उणे २० अंशांत ठेवावे.

पायवाटा दिनदर्शिकेवरून खुल्या करू नयेत. वाटेवरचा बर्फ आपोआप जाईपर्यंत आणि माती पाऊल बुडणार नाही इतकी घट्ट होईपर्यंत थांबावे. बर्फ उपसणे, त्यावर राख किंवा मीठ टाकणे बंद करावे.

वाडगे पहिल्या कामकरी बंबलबी दिसेपर्यंत मांडू नयेत. एकदाच फुलणाऱ्या जातींची तोडणी पूर्ण बंद असावी, आणि मुळांच्या खणतीची तारीख बी गळून गेल्यानंतरची असावी.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची: फोटोवरच्या मोजणीऐवजी बियांची मोजणी सुरू करावी. हे काम महागडे नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक कुरणात पाच जाती निवडाव्यात: बर्फाच्या कडेला सर्वांत आधी फुलणारी एक, सर्वांत उशिरा फुलणारी एक, वाटीसारख्या उघड्या फुलाची माश्यांवर विसंबणारी एक, लांब नळीची बंबलबीवर विसंबणारी एक आणि मुळांनी पसरणारी एक. प्रत्येक जातीची किमान ९० झाडे खुणेने नोंदवून तीन गट करावेत. पहिल्या गटाला कळी असतानाच बारीक जाळीची पिशवी. दुसरा गट उघडा. तिसरा गट उघडाच, शिवाय हाताने दिलेला पराग, सुमारे १० मीटरवरच्या किमान तीन झाडांचा मिसळून.

यात चुका ठरलेल्या आहेत, म्हणून आधीच सांगतो. पिशवी ओली होऊन कुक्षीला चिकटली तर फुलाचाच पराग तिला लागतो आणि झाड स्वतःच्याच परागाने बी धरू शकते असा भास होतो. तारेचे कडे घालून जाळी फुलापासून दूर ठेवावी. वाऱ्यात पिशवी शिडासारखी फुगते आणि देठ मोडतो. तिला स्वतंत्र काडीचा आधार द्यावा. पिशवीत ऊब वाढते, म्हणून काही रिकाम्या पिशव्यांत तापमापक ठेवून फरक नोंदवावा. हाताने पराग देताना झाडावरच्या एकाच फुलाला देऊन थांबू नये. झाड आपले अन्न त्या फळाकडे वळवते, शेजारची फळे उपाशी राहतात आणि पराग कमी पडतो असा खोटा निष्कर्ष निघतो. झाडावरच्या सगळ्या फुलांना द्यावा. कुक्षी तयार नसताना दिलेला पराग वाया जातो. ती चिकट आणि उघडलेली दिसेपर्यंत थांबावे, आणि दोन दिवसांनी पुन्हा द्यावा.

फळे पिकली पण फुटली नाहीत, अशा वेळी ती घ्यावीत. प्रत्येक फळात भरलेल्या बिया, पोचट बिया आणि न वाढलेली बीजांडे वेगवेगळी मोजावीत. दुसऱ्या गटातल्या भरलेल्या बियांच्या सरासरीला तिसऱ्या गटाच्या सरासरीने भागून ते १ मधून वजा करावे. उत्तर शून्याजवळ आले तर परागण पुरेसे आहे. ते वर्षागणिक वाढत गेले तर कुरणाला पराग कमी पडतो आहे, मग फोटोत कितीही फुले असोत. एका वर्षाच्या आकड्यावर काहीही ठरवू नये. एक थंड जुलै सगळे बदलून टाकतो. किमान पाच वर्षे, तीच झाडे, आणि सगळे आकडे लोकांसाठी खुले.

या मोजणीच्या पहिल्या हंगामासाठी झाडे निवडणे, पिशव्या शिवणे आणि आपल्या कर्मचाऱ्यांना फळ फोडून बिया वेगळ्या करायला शिकवणे, हे आम्ही मोबदला न घेता करायला तयार आहोत. पेट्यांबाबतचे लेखी उत्तर मात्र बर्फ वितळायला लागण्याआधी मिळावे. पेट्या एकदा वर गेल्या आणि पहिल्या राण्या बाहेर पडल्या, की या हंगामापुरता निर्णय झालेला असेल.

आपले,
उंच कुरणांवरील परागणाचे अभ्यासक